गिम्पमध्ये स्वतःच्या नक्षीचा ब्रश करताना पांढरा चौकोन का येतो?

आपला प्रश्न थोडक्यात असा आहे: हाताने कागदावर काढलेल्या कुयरीचा आणि लक्ष्मीच्या पावलांचा गिम्प या चित्र-संपादनाच्या सॉफ्टवेअरमध्ये ब्रश करून हळदीकुंकवाची आमंत्रणे आणि आहेराची पाकिटे सजवायची आहेत; पण ब्रश उमटवला की नक्षीभोवती पांढरा चौकोन येतो, रंग बदलला तरी नक्षी काळीच राहते, आणि रेघ ओढली की सगळी नक्षी एकात एक मिसळून नुसता पट्टा तयार होतो. या तिन्ही अडचणींतून मी गेले आहे. पहिल्या दोन अडचणींचे मूळ एकच आहे, तिसरीचे वेगळे आहे.

‘ब्रश’ या शब्दाने आपली फसगत होते. कुंचल्याऐवजी कापडावर छपाई करणाऱ्यांचा लाकडी ठसा डोळ्यांसमोर आणावा, कारण गिम्प माउसच्या वाटेवर ठरावीक अंतराने एकच ठसा पुन्हा पुन्हा उठवत जाते आणि हे ठसे दाट पडले की आपल्याला ती रेघ वाटते. ठशावर रंग कुठे आणि किती लागावा हे चित्रातला काळेपणा ठरवतो: काळ्या जागी पूर्ण रंग, करड्या जागी फिका आणि पांढऱ्या जागी काहीच नाही. मात्र हा नियम चित्र ग्रेस्केलमध्ये, म्हणजे फक्त काळ्या-करड्या-पांढऱ्या छटांत असेल तरच लागू होतो. आपण स्कॅन केलेले चित्र बहुधा आरजीबी या रंगीत पद्धतीतच राहिले असावे. रंगीत चित्राचा ब्रश केला की गिम्प त्याला ठसा न मानता स्टिकर मानते, म्हणजे चित्रातले रंग, कागदाच्या पांढऱ्यासकट, जसेच्या तसे चिकटवते. म्हणूनच चौकोन येतो आणि म्हणूनच रंग बदलत नाही. (बहुरंगी ठसा मुद्दाम हवा असेल, तर चित्र आरजीबीतच ठेवून पार्श्वभूमी तेवढी पारदर्शक करावी.)

उपाय असा. ‘इमेज’ मेन्यूतल्या ‘मोड’मध्ये जाऊन ‘ग्रेस्केल’ निवडावे आणि ‘लेयर’ मेन्यूतल्या ‘ट्रान्सपरन्सी’मध्ये जाऊन अल्फा चॅनेल, म्हणजे पारदर्शकतेची नोंद, काढून टाकावा. मग ‘एक्स्पोर्ट अ‍ॅज’ करताना फाइलच्या नावाला जीबीआर (.gbr) हे गिम्पच्या ब्रशचे शेपूट लावावे आणि ती गिम्पच्या ब्रशांच्या फोल्डरमध्ये ठेवावी. हे फोल्डर कुठे आहे ते ‘प्रेफरन्सेस’मध्ये ‘फोल्डर्स’खाली दिसते. ब्रशांच्या चौकटीतले रिफ्रेशचे बटण दाबले की आपला ठसा यादीत येतो.

हे काम दोन मिनिटांचे आहे. खरा वेळ त्याआधीच्या सफाईत जातो आणि तो जाऊ द्यावा. स्कॅन केलेला कागद डोळ्यांना पांढरा दिसला तरी संगणकाच्या लेखी तसा नसतो. त्याच्या मोजणीत शुद्ध काळ्याची किंमत ० आणि शुद्ध पांढऱ्याची २५५ असते. कागद २५० वर राहिला, तर प्रत्येक ठशाबरोबर त्या जागी सुमारे २ टक्के रंग लागतो. एका ठशात तो जाणवत नाही, पण ठसे एकमेकांवर पडू लागले की नक्षीभोवती मळकट चौकोन उगवतो. त्यासाठी ‘कलर्स’मधले ‘लेव्हल्स’ उघडून पांढऱ्या टोकाची खूण डावीकडे आणावी आणि कागदाचा पोत पूर्ण नाहीसा झाला की थांबावे. काळ्या टोकाची खूण थोडीशीच उजवीकडे न्यावी, कारण ती जास्त सरकवली तर शाईचा चढउतार जातो आणि हाताने काढलेली नक्षी बाजारातल्या तयार क्लिपआर्टसारखी दिसू लागते. शेवटी ‘क्रॉप टू कंटेंट’ने कडेची कोरी जागा कापावी.

मापाचा हिशेब आधीच करावा. छपाईसाठी एका इंचाला ३०० पिक्सेल धरले, तर ए-४ कागद २४८० गुणिले ३५०८ पिक्सेलचा होतो आणि २ सेंटिमीटरचे पाऊल साधारण २३६ पिक्सेलचे. ब्रश लहान केला तर फारसे बिघडत नाही, मोठा केला की कडा विरघळतात. म्हणून मी ठसा नेहमी गरजेच्या दुप्पट-तिप्पट, म्हणजे ६०० ते ७०० पिक्सेलचा करते.

आता तिसरी अडचण, पट्ट्याची. एक्स्पोर्ट करताना ‘स्पेसिंग’ विचारले जाते आणि तिथे आपोआप १० हा आकडा असतो. त्याचा अर्थ असा की, ठशाच्या रुंदीच्या दहाव्या भागाइतके अंतर गेले की पुढचा ठसा पडतो. मऊ कुंचल्याला हे ठीक आहे, कुयरीचा मात्र त्यात चिखल होतो. १०० केले की ठसे एकमेकांना टेकून पडतात. किनारीसाठी मी १०५ ते १२० ठेवते आणि सुट्या ठिपक्यांसाठी २०० च्या आसपास. फाइल पुन्हा करण्याची गरज नाही, टूलच्या पर्यायांमध्येही हा आकडा बदलता येतो.

पावलांसाठी मात्र एवढ्यावर भागत नाही, कारण एकाच पावलाचा ठसा ओढला तर लक्ष्मी लंगडी घालत आल्यासारखी दिसते. माझ्या पहिल्या आमंत्रणावर हेच झाले होते आणि सासूबाईंनी ते पाहताक्षणी ओळखले. आमच्याकडे गौरींची पावले मूठ टेकवून काढतात: तांदळाच्या पिठात बुडवलेल्या मुठीची करंगळीकडची बाजू टेकवली की पाऊल उमटते आणि वर पाच बोटे टिपक्यांनी काढायची. सासूबाईंकडून दोन्ही मुठींची पावले काळ्या कार्डशीटवर काढून घेतली आणि पीठ पूर्ण वाळल्यावर खिडकीच्या उजेडात फोन कागदाला अगदी समांतर धरून फोटो काढला. (स्कॅनरच्या काचेवर पीठ न्यायचा मोह आवरावा; माझ्या स्कॅनरच्या कडेच्या फटीत अजून रांगोळी आहे.) काळ्यावर पांढरे म्हणजे ठशासाठी सगळे उलटे, म्हणून ‘कलर्स’मधून ‘इन्व्हर्ट’ केले. लेव्हल्स हलक्या हाताने ठेवल्यामुळे त्या पावलांत मुठीच्या घड्यांच्या बारीक रेघा आजही दिसतात.

दोन पावले आळीपाळीने उमटण्यासाठी जीआयएच (.gih) प्रकारचा, म्हणजे एकाच फाइलीत अनेक ठसे असलेला ब्रश करावा लागतो. एकाच चित्रात दोन थर (लेयर) ठेवावेत. एकात डावे पाऊल मध्यापासून थोडे एका बाजूला आणि दुसऱ्यात उजवे पाऊल तितकेच दुसऱ्या बाजूला असावे. दोन्ही थर चित्राच्या मापाइतकेच हवेत. एक्स्पोर्ट करताना सेलचे माप चित्राइतके, सेलची संख्या २, डायमेन्शन १, रँक २ आणि त्यापुढे ‘इन्क्रिमेंटल’ निवडावे. तिथे ‘रँडम’ राहिले, तर दोन डावी पावले लागोपाठ पडू शकतात. वळणदार वाटेवर पावलांनी स्वतः वळावे यासाठी टूलच्या पर्यायांमध्ये ‘डायनॅमिक्स’च्या जागी ‘ट्रॅक डायरेक्शन’ निवडावे. त्यासाठी ठशात बोटे उजवीकडे वळवून ठेवावीत, एक रेघ मारून पाहावी आणि पावले उलटी चालली तर थर १८० अंशांत फिरवून पुन्हा एक्स्पोर्ट करावे. माउसने सुबक वळण काढणे मला जमत नाही, म्हणून मी आधी पाथ, म्हणजे वाटेची रेषा, आखते आणि ‘स्ट्रोक पाथ’मध्ये ब्रश निवडून ‘एम्युलेट ब्रश डायनॅमिक्स’वर खूण करते. सुरुवातीचे एखादे पाऊल तिरके पडले किंवा डावे पाऊल आधी आले, तर ते खोडून टाकावे.

फोटोशॉप वापरणाऱ्यांना ‘एडिट’मध्ये ‘डिफाइन ब्रश प्रीसेट’ मिळेल. तिथला ठसा आपोआप करडा होतो. क्रिता या चित्रकलेच्या सॉफ्टवेअरमध्ये गिम्पचे दोन्ही प्रकारचे ब्रश चालतात. आपल्याला कागद कापणाऱ्या यंत्रावर पावले कापायची असतील, तर ब्रशचा उपयोग नाही. त्या यंत्राला कडांची रेषा लागते, तेव्हा तेच काळे-पांढरे चित्र इंकस्केप या रेषाचित्रांच्या सॉफ्टवेअरमध्ये नेऊन ‘ट्रेस बिटमॅप’ करावे.

आपण मरून कागदावर पांढरी पावले छापण्याचे म्हटले आहे, ते घरच्या प्रिंटरवर होणार नाही, कारण त्यात पांढरी शाईच नसते. पांढऱ्या जाड कागदाचे पान मरून रंगाने भरून त्यावर पांढऱ्या रंगात ठसा उमटवावा, म्हणजे प्रिंटर पावलांपुरती जागा कोरी सोडतो. मात्र एवढ्या शाईने इंकजेटवर कागद ओला होऊन लहरतो, म्हणून अशी पाने मी झेरॉक्सच्या दुकानातून लेझर प्रिंटवर काढून आणते आणि पाकिटांच्या घड्या घालण्याआधी पट्टी व बोथट सुईने रेघ दाबून घेते, नाहीतर घडीवर रंगाचे पोपडे निघतात.