शिवराई खिशात घालून बर्लिनला जाऊ का?

मागच्या अंकात बर्लिनच्या नाणेमेळ्याबद्दल सहज चार ओळी लिहिल्या होत्या, तर या महिन्यात पत्रपेटी त्यावरच भरलीये. पासपोर्ट, कस्टम, सोन्याची नाणी, आजोबांचा डबा, सगळं आलंय. त्यामुळे यावेळी जुन्या नोटांवरचे प्रश्न बाजूला ठेवतो (फुगलेल्या नोटेला इस्त्री करू का असं विचारणाऱ्या काकू, नका करू, बाकीचं पुढच्या अंकात).

प्रश्न : नमस्कार सर. मी नाशिकचा, ३४ वर्षांचा, नाणी जमवतो. पुढच्या वर्षी बर्लिनच्या वर्ल्ड मनी फेअरला जायचं फायनल केलंय. माझ्याकडे दहाबारा शिवराया (मराठेशाहीतली तांब्याची नाणी) डबल आहेत, १८४० चे ईस्ट इंडिया कंपनीचे दोन रुपये आहेत आणि एक १९१८ ची मुंबई टांकसाळीची सॉव्हरिन (ब्रिटिशांचं सोन्याचं नाणं) आहे. तिकडच्या लोकांना दाखवायला, जमलंच तर अदलाबदल करायला नेऊ का? किंमत तशी काही फार नाहीये शिवरायांची.

उत्तर : नको रे बाबा. एकही नको.

तू जे शेवटचं वाक्य लिहिलंयस ना, किंमत फार नाहीये, तिथेच सगळे फसतात. आपल्याकडचा १९७२ चा पुरावशेष कायदा किंमत विचारतच नाही, तो वय विचारतो. नाणं १०० वर्षांचं झालं की कायद्याच्या भाषेत ते अँटिक्विटी, आणि अँटिक्विटी देशाबाहेर न्यायचा हक्क फक्त केंद्र सरकारला किंवा सरकारने नेमलेल्या एजन्सीला, तुला मला नाही. मग ती पुण्याच्या जुन्या बाजारात बुधवारी-रविवारी फडक्यावर ढीग मांडून विकतात ती झिजलेली दुदांडी शिवराई का असेना. सापडलास तर नाणं जप्त, वर ६ महिने ते ३ वर्षं कैद आणि दंड अशी तरतूद आहे. 'श्री राजा शिव' लिहिलेला तांब्याचा तुकडा खिशात ठेवून इमिग्रेशनच्या रांगेत उभं राहायचं आणि घाम पुसायचा, कशाला?

आणि हे १०० वर्षांचं गणित दरवर्षी एकेक वर्ष पुढे सरकतं हे पण लोक विसरतात. मी जमवायला लागलो तेव्हा पाचव्या जॉर्जचा १९१८ चा रुपया म्हणजे 'कालचा' माल होता, कोणी ढुंकून बघत नव्हतं, आज तो पण कायद्यात बसला. तुझी सॉव्हरिन पण. खरं तर ती मला फार आवडते, मुंबईत सॉव्हरिन पडल्या त्या १९१८ या एकाच सालच्या, तारखेजवळ बारीकसा 'आय' असतो, भिंग लावून शोधायला मजा येते. पण तिचे फोटो ने, तिला घरी ठेव. ग्रेडिंगला, म्हणजे नाण्याचा दर्जा ठरवून घ्यायला, परदेशी पाठवायचं म्हणणाऱ्यांनाही हेच लागू, कुरिअरने पाठवलं म्हणून ती निर्यात नाही असं होत नाही.

समज तू इथून निसटलास, तरी तिकडे काय? युरोपियन युनियनने २८ डिसेंबर २०२० पासून नियमच केलाय की मूळ देशातून बेकायदा बाहेर काढलेली सांस्कृतिक वस्तू युनियनमध्ये आणायची नाही. त्याच्या पुढचा भाग २८ जून २०२५ पासून चालू झाला, २५० वर्षांपेक्षा जुन्या उत्खननातल्या मालाला आयात परवाना लागतो, आणि नाण्यासारख्या वस्तू २०० वर्षांपेक्षा जुन्या असून एकेकाची किंमत १८,००० युरो किंवा वर असेल तर लेखी निवेदन द्यावं लागतं. म्हणजे दोन्ही दारांवर प्रश्न आहेत. चांगला डीलर स्वतःच विचारतो की हे भारतातून कधी आणि कसं निघालं, आणि कागद नसेल तर नाणं हातात पण धरत नाही.

मग रिकाम्या हाताने जायचं का? अजिबात नाही. आपली हल्लीची नाणी ने ना! १९९९ चं शिवाजी महाराजांचं २ रुपयांचं स्मारक नाणं, बारा कोनांचं २० रुपयांचं, असली दहावीस नाणी. तिकडची पोरं खूश होतात, मी एकदा २० रुपयाच्या एका नाण्यावर एका म्हाताऱ्या जर्मन आजोबांकडून चक्क मूठभर जुने फेनिग (जर्मनीचे पूर्वीचे पैसे) मिळवलेत, भाषा त्यांना येत नव्हती मला येत नव्हती, नुसत्या बोटांनी सौदा.

जायचं कसं तेही विचारलंयस, थोडक्यात सांगतो. मेळा जानेवारीअखेर-फेब्रुवारीच्या सुरुवातीला असतो, नॉयक्योल्न भागातल्या एस्ट्रेल हॉटेलात, जवळचं स्टेशन झोनेनअले, शहराभोवती फिरणारी रिंगवरची लोकल पकडायची. हा मेळा मुळात स्वित्झर्लंडमधल्या बाझलचा, १९७२ ला तिथे सुरू झाला आणि २००६ पासून बर्लिनला आला (आपला कायदा पण ७२ चाच, योगायोग). जगभरच्या टांकसाळी स्वतःचे स्टॉल लावतात हे त्याचं वैशिष्ट्य. शेंगेन व्हिसाला ९० युरो फी आणि किमान ३०,००० युरोचा प्रवास विमा लागतो, अपॉइंटमेंट वेळेत मिळत नाही म्हणून दिवाळीच्या आधीच कामाला लाग. आणि एक दिवस बोडे म्युझियमला दे. तिथल्या नाणेविभागात ५ लाखाच्या वर वस्तू आहेत. कॅनडाच्या टांकसाळीचं १०० किलोचं सोन्याचं नाणं तिथूनच मार्च २०१७ मध्ये रात्री खिडकीतून शिरून चोरट्यांनी पळवलं, हातगाडीवर घालून नेलं म्हणे, चोर सापडले पण नाणं आजपर्यंत नाही. १०० किलो! आपण नाण्याच्या प्लॅस्टिकच्या कॅप्सूलला बोटाचा ठसा लागला तर रात्रभर झोपत नाही.

प्रश्न : काका, बर्लिनला सोन्याची जुनी जर्मन नाणी स्वस्तात मिळतात असं ऐकलं. दोनतीन घेऊन आले तर मुंबईला कस्टमवाले काही म्हणतील का? नाण्याच्या बाबतीत सूट असते ना? — ठाण्याहून एक वाचक ताई

उत्तर : ताई, स्वस्तात बिस्तात काही नाही. सोन्याचा भाव जगात सगळीकडे एकच, वर डीलरचं कमिशन. मिळतात मात्र भरपूर हे खरं, विशेषतः कैसर विल्हेल्मचे २० मार्क.

सूट मात्र नाही. आपल्या बॅगेजच्या नियमात दागिने सोडून इतर कुठल्याही रूपातलं सोनं-चांदी फुकटच्या मर्यादेत धरत नाहीत. नाणं म्हणजे दागिना नाही, त्यामुळे पहिल्या ग्रॅमपासून ड्युटी. सोन्यावर कमी दराची जी सवलत म्हणतात ती ६ महिन्यांपेक्षा जास्त परदेशात राहून येणाऱ्यांसाठी असते, ५ दिवसांत परत येणाऱ्या तुमच्या-माझ्यासाठी नाही. तांब्या-निकेलची नाणी, नोटा, पुस्तकं हे साध्या मर्यादेत जातं. सोनं किंवा चांदी घेतली असेल तर सरळ कस्टमच्या रेड चॅनलला (ड्युटी भरायचा माल जाहीर करायची रांग) जा, बिल दाखवा, पैसे भरा, पावती घ्या. ती पावती पुढे नाणं विकताना सोन्यासारखीच कामाला येते.

आणखी एक बारकी गोष्ट, जी मला पण उशिरा कळली. युरोपात आत येताना किंवा बाहेर पडताना १०,००० युरो किंवा जास्त रोख असेल तर सांगावं लागतं हे सगळ्यांना माहीत असतं, पण जून २०२१ पासून 'रोख' या शब्दात ९० टक्के किंवा वर सोनं असलेली नाणी पण आली. ते २० मार्क बरोब्बर ९० टक्क्यांचे असतात! म्हणजे खिशातल्या नोटा अधिक ही नाणी मिळून बेरीज करायची. सोन्याचे आजचे भाव बघता दहा हजार व्हायला फार नाणी लागत नाहीत.

आणि बिल पक्कं घ्या हो, हात जोडून सांगतो. मागे एकदा मी युरोपातल्या एका मेळ्यात शेवटच्या दिवशी घाईत चांदीचे आठ थेलर (जुनी मोठी युरोपियन नाणी) घेतले, डीलरने कागदाच्या चिटोऱ्यावर आकडा लिहून दिला आणि मी पण शहाणा, तोच खिशात घातला, परत येताना एका विमानतळावर साहेबांनी तो चिटोरा उलटासुलटा करून पाहिला, मग माझ्याकडे पाहिलं, मग बसा म्हणाले, आणि पावणेदोन तास बसवलं, शेवटी त्यांनी त्यांच्या हिशोबाने किंमत लावली जी मी दिलेल्यापेक्षा बरीच जास्त होती आणि माझ्याकडे वाद घालायला कागदच नव्हता. चूक माझी. तेव्हापासून बिलावर दुकानाचं नाव, नाण्याचं साल, धातू, वजन आणि पैसे कसे दिले एवढं लिहून घेतल्याशिवाय मी टेबल सोडत नाही. बायको म्हणते भाजीवालीकडून पण घ्या.

जाता जाता, भारतातून जाताना परकीय चलनाच्या नोटा एका ट्रिपला ३,००० डॉलरइतक्याच नेता येतात, बाकी कार्डावर ठेवा.

प्रश्न : मी कॅनडात विंडसरला असतो, मूळचा कोल्हापूरचा. नदीपलीकडे डेट्रॉइटच्या बाजूला कॉइन शो असतात, पूल ओलांडला की पोचलो. सोबत माझा कॅनडाच्या चांदीच्या डॉलरचा अल्बम न्यायचाय. बॉर्डरवर काय सांगू? 'मित्राकडे चाललोय' सांगितलं तर चालेल का?

उत्तर : दादा, मित्राकडे चाललोय आणि डिकीत अल्बम, हे कॉम्बिनेशन बघून कोणालाही संशय येईल. सरळ सांगा की नाण्यांच्या प्रदर्शनाला चाललोय, अल्बम माझा स्वतःचा आहे, ही यादी. ते रोज शंभर तऱ्हेची माणसं बघतात, त्यात नाणेवेडा हा अगदीच निरुपद्रवी प्रकार. व्हिजिटर म्हणून बघायला आणि विकत घ्यायला जाताय ते ठीक, पण टेबल मांडून विकायचं असेल तर आधी व्हिसाच्या वकिलाला विचारा, तो वेगळा मामला आहे.

तुमची खरी डोकेदुखी जाताना नाही, येताना आहे. परत येताना कॅनडाच्या अधिकाऱ्याने विचारलं की हा १९३५ चा डॉलर आत्ता तिकडे घेतला कशावरून नाही, तर काय दाखवाल? त्यासाठी निघण्याआधी कॅनडाच्या कस्टमकडे बीएसएफ ४०७ नावाचं कार्ड फुकट करून मिळतं, त्यात आपल्या वस्तूंची नोंद होते. सुटं नाणं ओळखणार कसं हा प्रश्न येतो, म्हणून जी नाणी ग्रेडिंग होऊन स्लॅबमध्ये (सीलबंद प्लॅस्टिकच्या डबीत) आहेत तीच न्या, त्यांच्यावर नंबर असतो. बाकीच्यांचे दोन्ही बाजूंचे फोटो मोबाइलमध्ये तारखेसकट ठेवा.

सकाळी जाऊन संध्याकाळी परत येणार असाल तर खरेदीवर काहीच सूट नाही. २४ तास राहिलात तर २०० कॅनेडियन डॉलरपर्यंत, ४८ तास राहिलात तर ८०० पर्यंत. त्यामुळे शनिवारी जाऊन सोमवारी या, बायकापोरांना पण फिरवा. तुमच्या ऑन्टारिओत १३ टक्के कर बसतो, पण त्यात एक गंमत आहे. ९९.५ टक्के शुद्ध सोनं आणि ९९.९ टक्के शुद्ध चांदी ही गुंतवणूक धरतात, तिच्यावर हा कर नाही. अमेरिकेचं गोल्ड ईगल नाणं २२ कॅरेटचं, म्हणजे ते या नियमात बसत नाही, कर लागतो. त्यांचंच बफेलो घेतलंत तर लागत नाही, कारण ते चार नव्वांचं, म्हणजे ९९.९९ टक्के शुद्ध. दिसायला पण बफेलोच भारी आहे, माझं मत.

रोख रकमेचं, अमेरिकेत १०,००० अमेरिकन डॉलरच्या वर असेल तर सांगायचं, कॅनडात १०,००० कॅनेडियन डॉलर झाले की सांगायचं. नेणं गुन्हा नाही, न सांगणं गुन्हा.

प्रश्न : एक्सरे मशीनमधून गेल्यावर चांदी काळी पडते का?

उत्तर : नाही. काळी पडते ती पीव्हीसीच्या स्वस्त पाकिटांमुळे आणि आपल्या हातामुळे. नाणी कायम हॅन्डबॅगेत ठेवा, चेक-इनला कधीच देऊ नका, आणि सिक्युरिटीला सांगा की ट्रे उघडायचा असेल तर बाजूच्या खोलीत उघडा, सगळ्या रांगेसमोर नको.

प्रश्न : आम्ही मडगावचे. घरात पोर्तुगीज काळातल्या रुपियांचा डबा आहे, बहुतेक १९३५ आणि १९४७ ची चांदीची, थोडी १९५२ ची, आणि नंतरचे एस्कुदो. भाऊ लिस्बनला असतो, तो म्हणतो तिकडच्या मेळ्यात त्यांना मागणी आहे. न्यायची का?

उत्तर : या पानावरचा हा पहिला प्रश्न ज्याला मी हो म्हणतोय! तुम्ही लिहिलेली सगळी साल अजून १०० च्या आत आहेत. पण डबा नीट बघा, त्यात एखादी १९१२ ची रुपिया किंवा राजा कार्लोसचं डोकं असलेली जुनी निघतेच, गोव्यातल्या डब्यांचा अनुभव आहे मला. ती बाजूला काढा, ती गेली शंभरच्या पुढे.

उरलेल्यांसाठी पण नुसतं साल बघून विमानतळावर कोणी सोडेल या भरवशावर राहू नका. तिथल्या माणसाला पोर्तुगीज येत नाही, त्याला चांदीचं जुनं नाणं दिसतं एवढंच. भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाकडून 'ही वस्तू अँटिक्विटी नाही' असं सर्टिफिकेट मिळतं, अर्ज, फोटो, आणि नाणी प्रत्यक्ष दाखवावी लागतात. तुम्हाला जवळचं त्यांचं ऑफिस जुन्या गोव्यात, तिथे आधी जाऊन तपासणीचा दिवस विचारा, नाहीतर मुंबईचं शीव किल्ल्यावर. तिकीट काढायच्या आधी हे करा. आणि सगळी नाही विकली गेली तर परत आणताना आपल्याच चांदीवर आपल्यालाच ड्युटी मागू नयेत म्हणून निघताना कस्टमकडून एक्स्पोर्ट सर्टिफिकेट घ्या, विमानतळावर त्यासाठी तासभर जास्त धरा.

१९४७ च्या रुपियांतली एखादी चांगली, न घासलेली असेल तर विकायच्या आधी मला फोटो पाठवा. आणि कोणीतरी चिंच लावून चमकवायच्या आत पाठवा.