मुकादम झालेल्या भाच्याला

चिरंजीवास मामाचा शालोम आणि अनेक आशीर्वाद.

तुला आपल्या मशिदीचा, म्हणजे यहुदी प्रार्थनास्थळाचा, मुकादम म्हणजे मुख्य कारभारी नेमल्याचं तुझ्या आईने फोनवर सांगितलं. फार बरं वाटलं, आणि रात्री झोप लागेना म्हणून उठून हे पत्र लिहायला बसलो. मी लहान होतो तेव्हा दारफाळणीच्या सणाला, म्हणजे योम किप्पूरच्या उपासाला, मशिदीत उभं राहायला जागा मिळायची नाही, पांढऱ्या कपड्यांतली माणसं ओटीवर बसून तेफिला, म्हणजे प्रार्थना, करायची. स्वातंत्र्याच्या सुमारास देशात आपली बेने इस्राएल, म्हणजे कोकणातली यहुदी मंडळी, वीस हजारांच्या आसपास होती. मग घरामागून घर इस्राएलला गेलं, लोदला, अशदोदला, दिमोनाला. आता आपल्या गावातली घरं तू एका हाताच्या बोटांवर मोजतोस. अशा वेळी मुकादम होणं हे मानाचं कमी आणि कष्टाचं जास्त आहे, पण ते तू आनंदाने कर.

आपल्याकडे रब्बी, म्हणजे यहुदी धर्मगुरू, कधी नव्हता, हे लक्षात ठेव. जुनी माणसं सांगत आली की बाहेरून आलेल्या डेव्हिड रहाबीने झिराडकर, शापूरकर आणि राजपूरकर या घराण्यांतल्या तीन तरुणांना शिकवलं आणि त्यांना आपले धर्मविधी चालवणारे काझी केलं. म्हणजे आपल्या समाजाचा कारभार सुरू झाला तोच तरुण पोरांना हाताशी धरून. पदांची नावं तरी बघ. मुकादम आणि चौगुला गावगाड्यातून आले, काझी शेजारच्या मुसलमान वस्तीतून आला, गबाई म्हणजे खजिनदार आणि समाश म्हणजे मशिदीचा सेवक हे हिब्रूतून. ज्यांच्यात राहिलो त्यांचे शब्द घेतले आणि शनिवार सोडला नाही, म्हणून तर लोक आपल्याला शनवारतेली, शनिवारी घाणा बंद ठेवणारे तेली, म्हणायचे. मुंबईची जुनी मशीद १७९६ साली सॅम्युएल दिवेकरांनी बांधली. ते कंपनी सरकारच्या फौजेतले, टिपूच्या कैदेतून सुटून आलेले. त्यांनाही कोणी रब्बी सांगायला आला नव्हता.

आता मला जे सांगायचं आहे ते.

मिनियानसाठी, म्हणजे सामुदायिक प्रार्थनेच्या जमावासाठी, दहा पुरुष लागतात हे तुला ठाऊक आहे. दहा नसले तर कद्दीश, म्हणजे मृतांसाठीची प्रार्थना, होत नाही, सेफेर तोरा, म्हणजे धर्मग्रंथाची गुंडाळी, काढता येत नाही. माणसं एक-दोन-तीन अशी मोजायची नाहीत, म्हणून आपण तेहिलीममधली, म्हणजे स्तोत्रांमधली, ओळ म्हणतो: होशीआ एत अमेखा, उवारेख एत नाहलातेखा, उरएम वेनासएम अद हाओलाम. शब्द दहा, एकेका माणसाला एकेक. तुझ्या आजोबांनी मला ती शिकवली तेव्हा अर्थ सांगितला होता: तुझ्या लोकांना वाचव, तुझ्या वतनाला आशीर्वाद दे, त्यांना चारा घाल आणि त्यांना उचलून घे, सर्वकाळपर्यंत.

मी मुकादम होऊन दुसरं वर्ष होतं. वार्षिक सभेत मी थकबाकीची वही उघडली आणि एका माणसाचं नाव घेऊन त्याची तीन वर्षांची वर्गणी सगळ्यांसमोर वाचून दाखवली. त्याची बायको, मुलं तिथेच बसलेली. मला वाटत होतं मी शिस्त लावतोय. तो काही बोलला नाही. टोपी काढून खिशात घातली आणि निघून गेला.

पुढे चार महिन्यांनी मुंबईहून एक जण आला, वडिलांच्या वर्षाच्या दिवशी कद्दीश म्हणायला. त्याचे वडील आपल्याच गावचे. शाब्बाथला, म्हणजे शनिवारच्या विश्रांतीच्या दिवशी, प्रवास नको म्हणून शुक्रवारी दुपारीच येऊन राहिला. सकाळी आम्ही तेब्याजवळ, मशिदीतल्या वाचनाच्या मंचाजवळ, उभे राहिलो आणि मी ओळ म्हणत गेलो. उरएम... वेनासएम... अद. तिथे थांबलो. हाओलामला माणूस नव्हता. साडेदहापर्यंत वाट पाहिली. तोरा ठेवतात त्या हेखालसमोरच्या दिव्याच्या पेल्यात खोबरेल पाण्यावर तरंगत होतं, वात शांत जळत होती, आणि तो पाहुणा पुस्तकाचं पान बोटाने धरून दाराकडे बघत होता. शेवटी त्याने पुस्तक मिटलं. मला एक शब्द बोलला नाही. तो दहावा माणूस आमच्यापासून तीन गल्ल्या पलीकडे आपल्या घरात बसला होता, आणि त्याला घरी मी बसवलं होतं.

रविवारी मी त्याच्या घरी गेलो. माफी मागायला मला दोन फेऱ्या लागल्या, पहिल्या वेळी नुसता चहा पिऊन परत आलो. पुढच्या सणाला तो आला. थकलेली वर्गणी त्याने पुढे हळूहळू भरली. कधी भरली ते मी कोणाला सांगितलं नाही.

म्हणून वर्गणी घरी जाऊन मागायची, चारचौघांत नाही. ज्याला देणं जमत नाही त्याचं नाव फक्त तुला आणि गबाईला माहीत असावं. आणि तोराच्या वाचनासाठी कोणाला वर बोलवायचं हे ठरवताना देणगीची पावती समोर ठेवू नकोस.

शाब्बाथच्या दिवशी फोन करता येत नाही, तेव्हा गुरुवारी संध्याकाळी सगळ्यांना फोन कर. संदेश पाठवून मोकळा होऊ नकोस, आवाज ऐकू दे. कोणाचा गुडघा दुखतो, कोणाचा मुलगा घरी बोलत नाही, हे सगळं त्या पाच मिनिटांत कळतं. आजारी माणसाकडे मुकादम आधी पोहोचला पाहिजे, मयतीला तर नक्कीच. अंघोळ घालायला माणसं कमी पडतात, तिथे तू हात लाव.

कागदपत्रांचं थोडक्यात सांगतो. विश्वस्त बदलले की धर्मादाय कार्यालयात चेंज रिपोर्ट ९० दिवसांत द्यावा लागतो. आजच तारीख लिहून ठेव, आमच्या वेळी हे राहून जायचं आणि मग वर्षानुवर्षं जुनीच नावं चालायची. हिशेब दरवर्षी तपासून घे आणि मशिदीच्या भिंतीवर लाव. मागच्या आवाराबद्दल कोणी गोड बोलत आला तर सांग, धर्मादाय आयुक्तांच्या परवानगीशिवाय विश्वस्तांना जमीन विकता येत नाही, आणि ती परवानगी आम्ही मागणार नाही. २०१६ साली महाराष्ट्र सरकारने आपल्याला अल्पसंख्याक दर्जा दिला. त्याचे दाखले काढायला मुलांना मदत कर, त्यांना ते एकट्याने जमत नाही.

बायकांचं मात्र मनावर घे. मलिद्याला, आपल्या नवसाच्या प्रसादाला, पोहे भिजवणं, खोबरं किसणं, गूळ-वेलची, पाच फळं मांडणं, सगळं त्यांच्या हातून होतं आणि एलियाहू हन्नाबीचं, म्हणजे एलिया संदेष्ट्याचं, गाणंही त्यांनाच तोंडपाठ असतं. मिनियानमध्ये त्या मोजल्या जात नाहीत, ते मी बदलू शकत नाही. पण कमिटीत का नकोत? तुझ्या मोठ्या मामीने मशिदीचा दिवा बावीस वर्षं पेटता ठेवला, आणि एकाही सभेच्या इतिवृत्तात तिचं नाव नाही. हे माझ्या हातून राहून गेलं. तू करून घे.

इस्राएलहून मंडळी बसने येतात, फोटो काढतात, काही जण आजोबांची कबर शोधायला अलिबागजवळच्या नवगावला जातात. त्यांना वेळ दे. त्यांच्यातली म्हातारी माणसं अजून आपल्यासारखंच मराठी बोलतात. १९६४ पर्यंत तिथे त्यांना आपण पुरते यहुदी आहोत हे सिद्ध करायला लढावं लागलं. ते इथे येऊन दाराच्या चौकटीला हात लावून रडतात तेव्हा घाई करू नकोस.

मी सांगितलेला तो माणूस आता नाही. त्याचा मुलगा बाजारात दुकान चालवतो, मशिदीत क्वचित येतो. त्याच्या धाकट्याला या वर्षी तेरा वर्षं पूर्ण होतात. म्हणजे नव्याच्या सणाला, आपल्या नववर्षाला, मिनियानमध्ये आपल्याला एक माणूस वाढेल. त्याला पाराशा, म्हणजे तोरातला त्या आठवड्याचा पाठ, शिकवायला कोणी नाही म्हणून बाप कचरतो आहे, असं तुझी आई म्हणाली. मला अजून बरीचशी सुरात येते. या गुरुवारी त्यांना फोन करशील तेव्हा सांग, रविवारी सकाळी पोराला माझ्याकडे पाठवा.

तुझा मामा