वाचक विचारतात : वयस्करांसाठी वस्तीतल्या सोयी कशा आखाव्यात?

प्रश्न : भुसावळच्या आमच्या कॉलनीत बहुतेक घरे रेल्वेतून आणि आयुध निर्माणीतून निवृत्त झालेल्यांची आहेत, मुले पुण्या-मुंबईला आहेत. कॉलनीच्या ओपन स्पेसमध्ये एका कोपऱ्यात मंदिर व सभामंडप आहे, बाकी जागेत गाजरगवत माजते. लोकप्रतिनिधींच्या निधीतून तेथे विरंगुळा केंद्राची खोली होऊ शकते, असे कळते. आमच्या ज्येष्ठ नागरिक संघात काहींना खोली हवी आहे, काहींना बाग. आपले मत काय?
— संघाचे एक सदस्य, भुसावळ

उत्तर : खोली की बाग, हे ठरवण्याआधी संघाने आणखी एका प्रश्नाचे उत्तर शोधावे, अशी माझी आग्रहाची विनंती आहे : कॉलनीतील कोणकोणत्या वयस्कर मंडळींनी घराबाहेर पडणे बंद केले आहे आणि कशामुळे? संघाच्या बैठकीला जे येतात, ते चालू शकतात म्हणूनच येतात. जे येत नाहीत त्यांना विचारल्याशिवाय केलेली कोणतीही सोय पुन्हा त्याच पंधरा-वीस जणांच्या उपयोगी पडते आणि बाकीचे घरातच राहतात.

त्यासाठी काठी घेऊन चालणारे एक गृहस्थ आणि गुडघे दुखणाऱ्या एक आजी यांना सोबत घेऊन घराच्या उंबऱ्यापासून ओपन स्पेस, किराणा दुकान, औषधाचे दुकान आणि रिक्षा थांबा असे एकदा सकाळी व एकदा दिवेलागणीनंतर चालून पाहावे. ते कोठे थबकतात, कोठे दुसऱ्याचा हात धरतात, कोठे रस्त्याच्या मधोमध यावे लागते, एवढेच टिपून घ्यावे. आपल्या बहुतेक कॉलन्यांत जे आढळते, तेच आपल्यालाही आढळेल : गाडी आत घेण्यासाठी प्रत्येक फाटकासमोर स्वतःच्या सोयीने बांधलेला उतार, त्यामुळे कडेने सलग चालता येत नाही, गटारीवरचा फुटलेला ढापा, खचलेले पेव्हर ब्लॉक, आणि बंद पथदिवा. यांतले एकही काम मोठे नाही. तथापि, पाचशे पावलांच्या वाटेत एकच फुटका ढापा असला, तरी ज्या आजी एकदा पडल्या आहेत त्यांच्यासाठी ती सगळी वाटच बंद होते. ही दुरुस्ती नगरपालिकेच्या नेहमीच्या कामांत मोडते, तिच्यासाठी स्वतंत्र योजनेची वाट पाहण्याचे कारण नाही. घरांसमोरचे उतार मात्र आपल्याच शेजाऱ्यांचे आहेत, तेव्हा तो विषय संघानेच गोडीने हाताळलेला बरा.

दुसरी बाब उन्हाची. एप्रिल-मे महिन्यांत पारा 44-45 अंशांवर जातो, हे भुसावळकरांना सांगायला नको. वाढत्या वयात तहानेची जाणीव मंदावते, घाम कमी येतो, आणि रक्तदाबासाठी लघवी वाढवणारी गोळी चालू असेल तर शरीरातले पाणी आणखी लवकर कमी होते. त्यामुळे खानदेशात वयस्कर माणसाला चालण्यासाठी उन्हाळ्यात सकाळचे दोन-अडीच तास आणि सूर्य मावळल्यानंतरचा थोडा वेळ एवढाच मिळतो. या दोन वेळा सांभाळल्या जातील अशीच ओपन स्पेसची मांडणी हवी. संध्याकाळचे ऊन पश्चिमेकडून येते, म्हणून बाकांच्या पश्चिमेला कडुनिंब किंवा करंज लावावा. पूर्वेला लावलेले झाड तुमच्या संध्याकाळच्या बैठकीला सावली देणार नाही. पायवाटेवर दिवे हवेत आणि त्यांचे वीजबिल कोण भरणार, हे काम सुरू होण्यापूर्वीच लेखी ठरलेले हवे.

बाकांविषयी थोडे सविस्तर लिहितो, कारण चूक येथेच होते. कोणाच्या तरी स्मरणार्थ दिलेले सिमेंटचे बाक बहुधा बुटके असतात आणि त्यांना हात नसतात. मांडीचे स्नायू अशक्त झालेल्या आजी त्यावर बसतात खऱ्या, पण उठताना दोन्ही तळवे बाकावर रेटतात, एकदा-दोनदा पुढे झुकतात आणि शेवटी नातवाला हाक मारतात. असा अनुभव आला की पुढच्या वेळी त्या बसतच नाहीत. बाकाची उंची जमिनीपासून साधारण 45 सेंटिमीटर असावी, पाठ टेकता यावी आणि दोन्ही बाजूंना धरून उठता येईल असे हात असावेत. दिवसभर उन्हात तापलेला सिमेंटचा किंवा लोखंडी बाक संध्याकाळीही चटका देतो, हेही ध्यानात घ्यावे. सगळे बाक एकाच ठिकाणी गोलाकार न मांडता त्यांतले काही किराणा दुकानाच्या आणि औषधाच्या दुकानाच्या वाटेवर, सावलीत ठेवावेत.

आता सर्वांत महत्त्वाचे आणि बैठकीत सहसा कोणी मोठ्याने न बोलणारे : स्वच्छतागृह. प्रोस्टेटचा त्रास, मधुमेह, लघवीची गोळी, यांमुळे उतारवयात वारंवार जावे लागते. बाहेर सोय नाही हे माहीत असल्याने माणसे, विशेषतः स्त्रिया, घरून निघताना पाणीच पीत नाहीत. आपल्याकडच्या उन्हात हे फार घातक आहे. उष्माघात, मूत्रमार्गाचा संसर्ग आणि चक्कर येऊन पडणे यांची सुरुवात अनेकदा येथूनच होते. म्हणून माझे स्पष्ट मत असे की, पायरी नसलेले, आत कमोड व भिंतीला धरण्याचा दांडा असलेले, बाहेर उघडणाऱ्या दाराचे आणि आठवड्यातून ज्या दिवशी नळाला पाणी येत नाही त्या दिवशीही टाकीत पाणी असलेले स्वच्छतागृह मिळणार असेल, तर त्याला जोडून खोली जरूर घ्यावी. ते नसेल तर खोली नाकारून त्याच निधीतून स्वच्छतागृह, पायवाट आणि झाडे मागावीत.

प्रश्न : मी धुळ्यात देवपूर भागात राहते. सासूबाईंना चाकाच्या खुर्चीवरून ज्या दवाखान्यात न्यावे लागते, तेथे रॅम्प आहे. पण तो इतका चढा आहे की एकाने मागून लोटावे आणि दुसऱ्याने पुढून ओढावे लागते. उतरताना तर जीव मुठीत धरावा लागतो. याला काही नियम नाही का?
— एक भगिनी, धुळे

उत्तर : ताई, नियम आहे आणि तो मोजपट्टीने तपासता येतो. उताराचे प्रमाण 1 : 12 पेक्षा चढे नसावे, म्हणजे एक फूट उंची चढण्यासाठी किमान बारा फूट लांबी. दवाखान्याला 15 सेंटिमीटरच्या तीन पायऱ्या असतील, तर रॅम्प किमान 5.4 मीटर लांब हवा. बहुतेक ठिकाणी तो पायऱ्यांच्या शेजारी उरलेल्या दोन मीटरांत बसवलेला असतो. दोन्ही बाजूंना कठडा, सुरुवातीला व शेवटी खुर्ची वळवता येईल अशी सपाट जागा आणि न घसरणारी फरशी हेही आवश्यक आहे. गुळगुळीत ग्रॅनाइट लावलेला रॅम्प पावसाळ्यात पायऱ्यांपेक्षा धोकादायक ठरतो.

दिव्यांग व्यक्तींचे हक्क अधिनियम, 2016 अन्वये सुगम्यतेचे निकष न पाळणाऱ्या आराखड्याला बांधकाम परवानगी देता येत नाही आणि पूर्णत्वाचा दाखलाही देता येत नाही. सर्वोच्च न्यायालयाने नोव्हेंबर 2024 मध्ये यातील किमान निकष केवळ शिफारस म्हणून न ठेवता बंधनकारक करण्याचे निर्देश केंद्र सरकारला दिले. आपण आधी डॉक्टरांशीच बोलावे; अनेकदा रॅम्प गवंड्याने अंदाजाने केलेला असतो आणि त्यांच्या ते लक्षातही आलेले नसते. उपयोग झाला नाही तर रॅम्पची लांबी, उंची व छायाचित्र जोडून महापालिकेच्या नगररचना विभागाकडे लेखी अर्ज द्यावा आणि पोच घ्यावी. स्थानिक स्वराज्य संस्थांना उत्पन्नाच्या 5 टक्के रक्कम दिव्यांग कल्याणासाठी राखून ठेवावी लागते. पालिकेच्या स्वतःच्या इमारतींमधील रॅम्पसाठी या निधीचा आग्रह धरता येईल.

प्रश्न : आमच्या उद्यानात खुली व्यायामशाळा बसवली आहे. ती साधने सत्तरीच्या पुढच्यांनी वापरावीत का?
— एक वाचक, अमळनेर

उत्तर : सांधे व हृदय ठीक असतील आणि डॉक्टरांची हरकत नसेल, तर हलक्या हाताने जरूर वापरावीत, झुलणारी व गरगर फिरणारी साधने मात्र टाळावीत. पासष्टीपुढील व्यक्तींनी आठवड्यातून किमान 150 मिनिटे मध्यम गतीचा व्यायाम आणि किमान तीन दिवस तोल सांभाळण्याचे व बळ वाढवण्याचे व्यायाम करावेत, अशी जागतिक आरोग्य संघटनेची शिफारस आहे. त्यांतल्या तोलाच्या व्यायामांसाठी या साधनांचा फारसा उपयोग नाही. त्यासाठी कमरेच्या उंचीचा एक पक्का आडवा दांडा पुरतो, जो धरून टाचा उचलता येतात, एका पायावर उभे राहता येते आणि बाजूला पावले टाकता येतात. नवे यंत्र मागण्याऐवजी असा दांडा पायवाटेच्या सपाट भागालगत, सकाळच्या सावलीत, पालिकेकडून बसवून घ्यावा.