'मला आता काहीच वाटत नाही, मी निर्ढावलो का?'

हा प्रश्न माझ्याकडे वेगवेगळी माणसं घेऊन येतात. वृत्तवाहिनीच्या डेस्कवर रात्रपाळी करणारी, समाजमाध्यमांवरचे हिंसक व्हिडिओ गाळणारी, पंचनाम्याचे फोटो काढणारी. शब्द थोडेफार बदलतात, काळजी तीच. 'सुरुवातीला त्रास व्हायचा, आता बघताना काहीच होत नाही. माझ्यातलं माणूसपण संपलं का?'

त्यातली एक केस सविस्तर सांगते. नाव, गाव आणि ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत.

निनाद सत्ताविशीतला, मूळचा मिरजेकडचा, पुण्यात खोली घेऊन राहणारा. परदेशातल्या एका मानवी हक्क गटासाठी तो घरूनच काम करायचा. असद राजवटीच्या काळातले सीरियातले फोटो तपासणं हे त्याचं काम. फोटो खरा आहे का, कुठे काढला, सावल्यांवरून वेळ कुठली दिसते, मागची टेकडी उपग्रहाच्या चित्राशी जुळते का. त्यातले काही फोटो राजवटीने स्वतः मिरवलेले, तर काही तिने जगापासून लपवलेले.

त्याला आईने आणलं होतं. "मॅडम, हा घरी येतो, पण घरात नसतो. चुलत बहिणीच्या लग्नात कॅमेरा बॅगेतून बाहेरसुद्धा काढला नाही. एरवी याच्याशिवाय आमच्याकडे फोटो कोण काढतं?"

कॅमेरा का नाही काढला, हे त्याने आई बाहेर गेल्यावर सांगितलं. मांडवात नातेवाईक फोटोसाठी रांगेत उभे राहिले की त्याची नजर चेहऱ्यावर जायच्या आधी छातीकडे जायची. तिथे आकडा शोधायची. एका दुपारी वडील तोंड उघडं टाकून झोपले होते, तर हा त्यांचा श्वास चालू आहे ना हे बघत दारात उभा राहिला. आणि स्क्रीनवर मात्र काही वाटेना. पोहे खाता खाता तो प्रेतांचे फोटो मोठे करून बघायचा. त्याला छळत होतं ते हे शेवटचं.

आकड्यांचं सांगायला हवं, नाहीतर पुढचं कळणार नाही. 'सीझर' या टोपणनावाने जग ज्याला ओळखत होतं, तो दमास्कसमध्ये लष्करी पोलिसांचा फोटोग्राफर होता. २०११ च्या असदविरोधी उठावाआधी अपघात आणि गुन्ह्यांच्या जागांचे फोटो काढायचा. उठावानंतर गुप्तचर शाखांच्या कोठड्यांमधून लष्करी रुग्णालयांत येणाऱ्या मृतदेहांचे फोटो काढायचं काम त्याच्या विभागाकडे आलं. उपाशी ठेवलेली, मारहाणीच्या खुणा असलेली शरीरं. प्रत्येकावर आकडे: कैद्याचा, त्याला डांबणाऱ्या शाखेचा आणि रुग्णालयाने मृत्यूनंतर दिलेला. कागदावर मात्र कारण बहुतेकदा हृदयक्रिया बंद पडल्याचं. हे फोटो तो पेन ड्राइव्हवर घेऊन एका विश्वासू मित्राकडे पोचवायचा. २०१३ च्या ऑगस्टमध्ये तो देशाबाहेर निसटला, तोपर्यंत ५० हजारांहून जास्त फोटो बाहेर गेले होते. ह्यूमन राइट्स वॉच या मानवी हक्क संघटनेने २०१५ मध्ये त्यातले २८,७०७ फोटो कोठडीत मेलेल्यांचे असल्याचं सांगितलं. त्यात किमान ६,७८६ माणसं होती. राजवट कोसळल्यावर, २०२५ च्या फेब्रुवारीत, त्याने स्वतःचं नाव उघड केलं: फरीद अल-मझान.

एक राजवट स्वतःच्याच अत्याचारांचे फोटो का काढून ठेवते, हा प्रश्न निनादलाही पडायचा. मला वाटतं, दप्तराला नोंद लागते आणि हुकूम पाळल्याचा पुरावा वरच्याला लागतो. आपलं दप्तर कधी बाहेर जाईल, असं त्यांना वाटत नसावं.

निनाद स्क्रीनवरच्या एका खिडकीत हे फोटो उघडायचा आणि शेजारच्या खिडकीत राष्ट्राध्यक्ष असद यांच्या कार्यालयाचं इन्स्टाग्राम. ते खातं २०१३ च्या जुलैत सुरू झालं, म्हणजे सीझर देश सोडायच्या जेमतेम महिनाभर आधी. त्यात राष्ट्राध्यक्षांची पत्नी स्वयंपाकघरात सगळ्यांबरोबर काम करताना, मुलांना जवळ घेताना. पुढे हे मृतदेहांचे फोटो जगासमोर आल्यावर असद यांनी मुलाखतीत विचारलं होतं की ते काढले कुणी, तपासले कुणी. निनादचं सगळं काम या प्रश्नाला उत्तर देण्याचंच होतं.

आता त्याच्या काळजीबद्दल. पंगतीत फार वेळ मांडी घालून बसलं की पाय बधिर होतो, म्हणून पाय गेला असं कुणी म्हणत नाही. मनाचंही तसंच, आणि बधिरपणा उतरायला लागला की आधी मुंग्या येतात, हेही मी त्याला तेव्हाच सांगून ठेवलं. चिडचिड होईल, भलत्या वेळी रडू येईल, घाबरायचं नाही. अमेरिकेतल्या मानसोपचारतज्ज्ञांच्या संघटनेची जी निदानपुस्तिका जगभर वापरली जाते, तिच्या २०१३ च्या आवृत्तीत आघाताच्या व्याख्येत एक महत्त्वाची गोष्ट आहे. फोटो आणि व्हिडिओंतून भीषण गोष्टी पुन्हापुन्हा पाहणं तिथे एरवी धरलं जात नाही, पण ते कामाचा भाग असेल तर धरलं जातं. हे ऐकून त्याचे खांदे खाली आले. 'मी तर फक्त स्क्रीनवर बघतो, माझं काय एवढं' असं म्हणून तो इतके दिवस स्वतःलाच गप्प करत होता.

मात्र गाठ तिथे सुटली नाही. मी त्याला एक साधी वही ठेवायला सांगितली: कुठला फोटो किती वाजता पाहिला आणि कुणी मागितला होता. पुढच्या भेटीत वही उघडली, तर दिवसाच्या नोंदींपुढे कामाचा तपशील होता आणि रात्री अकरानंतरच्या नोंदींपुढे रकाना रिकामा. ते फोटो कुणीच मागितले नव्हते. त्यातले कित्येक तपासून पूर्ण झालेले होते.

"मग का बघतोस?"

बराच वेळ गेला. "यांना कुणी बघू नये असंच त्या लोकांना हवं होतं ना? मग मी पण झाकण लावून झोपलो तर त्यांच्यात आणि माझ्यात फरक काय?"

या वाक्याला 'असा नकारात्मक विचार करू नकोस' असं उत्तर देणं अपमानाचं झालं असतं. त्याच्या म्हणण्यात तथ्य आहे. दडपशाहीत न बघायची सवय लोकांना लावलीच जाते. पण मेलेल्यांचं ऋण फक्त बघत राहून फिटतं, हे मला मान्य नाही आणि तसं मी त्याला स्पष्ट सांगितलं. कोब्लेन्झ या जर्मन शहरातल्या खटल्याचं उदाहरण त्याला माझ्याहून जास्त ठाऊक होतं, म्हणून तेच घेतलं. तिथे न्यायवैद्यक तज्ज्ञाने सीझरच्या फोटोंवर न्यायालयात साक्ष दिली आणि १३ जानेवारी २०२२ ला सीरियाच्या गुप्तचर खात्यातल्या एका माजी कर्नलला जन्मठेप झाली. त्या तज्ज्ञाने फोटो पाहिले ते जखमा ओळखण्यासाठी. बेपत्ता भावाला शोधणारी बहीण फोटो पाहते ती एका चेहऱ्यासाठी. "रात्री अकराला तू कशासाठी बघतोस?" या प्रश्नाला त्याच्याकडे 'शिक्षा म्हणून' असं उत्तर निघालं. कसली शिक्षा? आपण सुखरूप असल्याची.

पुढचा बराच काळ आम्ही यावरच बोललो. ते सगळं इथे सांगण्यासारखं नाही.

व्यवहारात जे बदल केले ते या क्षेत्रातली अनुभवी माणसं आधीपासून पाळतात. फोटो आधी लहान आकारात आणि कृष्णधवल उघडायचा. आकडा किंवा भिंत तपासायची असेल तर चेहरा झाकून ठेवायचा. व्हिडिओचा आवाज गरज नसेल तर बंद. आवाज जास्त आत शिरतो, असं अशी कामं करणारे बरेच जण सांगतात. लॅपटॉप झोपायच्या खोलीत न्यायचा नाही. जेवताना काम नाही आणि रात्रीच्या जेवणानंतर तर नाहीच. झोपेसाठी काही काळ मानसोपचारतज्ज्ञांची औषधंही लागली, त्यात लपवण्यासारखं काही नाही. सगळ्यात आधी परत आला तो राग, आणि तोही मृतदेहांच्या फोटोंवर नव्हे, त्या स्वयंपाकघरातल्या हसऱ्या फोटोवर. मला ते चांगलं लक्षण वाटलं.

मधेच त्याने कुठेतरी विल्हेल्म ब्रासेबद्दल वाचलं आणि घाबरून फोन केला. ब्रासे हा ऑशवित्झ या नाझी छळछावणीतला पोलिश कैदी. नाझींनी त्याला कैद्यांचे ओळखफोटो काढायला लावलं. जानेवारी १९४५ मध्ये ते सगळे जाळण्याचा हुकूम झाला, तेव्हा त्याने आणि सोबत्याने तो मोडला, म्हणून त्यातले जवळपास ३९ हजार फोटो आज आहेत. युद्धानंतर त्याने पुन्हा फोटो काढायचा प्रयत्न केला, पण समोरच्या माणसामागे मेलेले दिसायचे. त्याने कॅमेरा कायमचा ठेवून दिला. "माझंही असंच होणार का?"

मी म्हटलं, त्याच्यासमोर जिवंत माणसं उभी होती आणि तो स्वतः कैदी होता, नाही म्हणायची सोय नव्हती. तुला आहे. शिवाय ब्रासे चौऱ्याण्णव वर्षं जगला. कॅमेरा सोडला म्हणजे त्याचं आयुष्य वाया गेलं, असं मी तरी म्हणणार नाही. तुला पुन्हा फोटो काढावेसे वाटले तर काढ, नाही वाटले तर लग्नात फक्त जेवायला जा.

अशा केसमध्ये घरच्यांचा प्रश्न ठरलेला असतो, तो निनादच्या आईनेही विचारला: "त्याला ही नोकरी सोडायला सांगा ना." मी तसं सांगितलं नाही. महिनाभराहून जास्त झोप उडाली असेल, तेच तेच भास होत असतील, दारू वाढली असेल किंवा जगण्याचाच कंटाळा बोलण्यात येत असेल, तर काम लगेच थांबवावं आणि मानसोपचारतज्ज्ञांकडे जावं. मरणाचे विचार असतील तर त्याच दिवशी. निनादने ते टोक गाठलेलं नव्हतं. त्याने कामाचे तास निम्मे करून घेतले आणि मृतदेहांचे फोटो गटातल्या तिघांत वाटून घ्यावेत, असं संस्थेला लेखी कळवलं. ते मान्य झालं. आईला अजून हे काम पसंत नाही, आणि तसं ती त्याला दर फोनवर सांगते.