ड्रायरचं लाईट बिल जास्त येतंय? आधी पाण्याचा हिशोब मांडा

प्रश्न (महिला बचत गट, रावेर तालुका): साहेब, आम्ही विजेच्या ड्रायरमध्ये केळीचे काप सुकवतो. एका खेपेला 60 किलो काप घालतो, 18 किलो निघतात. 16 तास लागतात, मीटर 96 युनिट पळतं. नफा बिलातच जातो. मोठा ड्रायर घ्यावा का?

उत्तर: ताई, मोठा ड्रायर आत्ता नको. तुम्ही वजन आणि मीटर दोन्ही लिहून ठेवलंत हे फार बरं केलंत. बहुतेक जण नुसतं बिल घेऊन येतात.

60 मधून 18 गेले, म्हणजे तुम्ही एका रात्रीत 42 लिटर पाणी उडवलंत. एक लिटर पाण्याची वाफ व्हायला साधारण 0.66 युनिट उष्णता लागते. हा निसर्गाचा दर, त्यात घासाघीस नाही. 42 लिटरला 28 युनिट. तुम्ही जाळले 96. उरलेले 68 गेले कुठे, ते शोधायचं.

मागे अशाच एका गटाच्या शेडमध्ये रात्री गेलो होतो. दाराचं रबर फाटलेलं, दार सुतळीने बांधलेलं. वरच्या झडपेशी हात धरला तर बाहेर येणारी हवा कडक गरम आणि कोरडी. दहावा तास चालू होता, आणि हीटर शेडच तापवत होता! तुम्हीही हात धरून बघा. पहिले दोन-तीन तास हवा दमट लागेल, तेव्हा झडप पूर्ण उघडी हवी. हवा कोरडी लागायला लागली की झडप बरीचशी मिटवा, म्हणजे तीच गरम हवा आत पुन्हा फिरते. दार-रबर नीट करणं हा शंभर-दोनशे रुपयांचा मामला आहे.

दुसरी गोष्ट काप. सुरीने कापताना एक 4 मिलिमीटरचा, शेजारचा 8 चा पडतो. जाडी दुप्पट झाली की शेवटच्या टप्प्यात वेळ चौपटीच्या आसपास जातो, आणि त्या चार जाड कापांसाठी अख्खा ड्रायर चालू राहतो. स्लायसर घ्या. ट्रेवर काप एकावर एक नकोत.

आता तापमान. ओला काप 65 अंशांच्या हवेतही थंडच राहतो, कारण पाणी उडताना उष्णता ओढून घेतं. पाणी कमी झालं की काप तापतो, काळपट पडतो. म्हणून सुरुवात 65 ला, निम्म्यानंतर 55 ला. मुंबईच्या यूडीसीटी या रसायन-तंत्रज्ञानाच्या संस्थेत (आताची आयसीटी) शिकलेले डॉ. अरुण मुजुमदार यांनी आयुष्यभर सुकवणीवरच काम केलं. 1978 मध्ये कॅनडाच्या मॅकगिल विद्यापीठात या विषयाची आंतरराष्ट्रीय परिषद त्यांनी सुरू केली. पुढे सिंगापूरला त्यांनी सहकाऱ्यांसोबत केळीच्याच कापांवर प्रयोग केले. तापमान एकसारखं न ठेवता टप्प्याटप्प्याने बदललं तर रंग टिकतो आणि वेळही वाचतो, असं त्यातून दिसलं. मधे अर्धा तास हीटर बंद ठेवलात तरी नुकसान नाही. तेवढ्यात आतला ओलावा पृष्ठभागावर येतो.

एवढं केलंत तर लिटरमागे दीड युनिटाच्या आत येणं अवघड नाही, म्हणजे खेपेला साठेक युनिट. हीट पंपाचा ड्रायर याहून कमी विजेत काम करतो, कारण बाहेर जाणारी उष्णता तो परत वापरतो. पण त्याची किंमत बघता आधी माल रोज निघतो का ते पाहा.

प्रश्न (शेतकरी, यावल तालुका): विक्रेता म्हणतो, सोलर ड्रायर चौरस मीटरला दिवसाला 10 लिटर पाणी काढतो. खरं मानावं का?

उत्तर: नाही, दादा. आपल्याकडे वर्षाच्या सरासरीने दिवसाला चौरस मीटरवर साधारण 5 ते साडेपाच युनिट ऊन पडतं. एक कणही वाया न घालवता सगळं वापरलं तरी सरासरी आठेक लिटरच होतात. चांगला सोलर ड्रायर त्यातलं तीसेक टक्के वापरतो, म्हणजे दोन-अडीच लिटर. पावसाळ्यात तेही नाही. तरी वीज असलेल्यांनी सोलर जोडीला जरूर घ्यावा: दिवसा सोपं पाणी उन्हात काढायचं, शेवटचं चिवट पाणी रात्री विजेवर. विक्रेत्याला मात्र आधी शेतावर बोलवा. केळी तुमची, काटा तुमचा, संध्याकाळी वजन करून दाखव म्हणा.