पावसाची सरासरी उणे येतेय? उणे आकडे शून्य करू नका

जुलैच्या पावसाची सरासरी उणे येतेय, तर उणे आकडे सरसकट शून्य करून टाकू का, असं विचारलंय तुम्ही. नका करू. फाईलमध्ये जो -999 दिसतो, तो म्हणजे 'नोंदच नाही' अशी खूण आहे, त्यानेच सरासरी उणे होते. हवामान खात्याच्या ग्रिडवाल्या (नकाशाच्या चौकोनांनुसार दिलेल्या) पावसात हीच असते, नासा पॉवर या नासाच्या हवामान-आकड्यांच्या सेवेत पण हीच, जीएचसीएन या अमेरिकेच्या स्टेशन-नोंदींच्या संग्रहात -9999. आता समजा कोकणातल्या स्टेशनची जुलैत सहा दिवस नोंद नाही आणि तुम्ही तिथे शून्य भरलंत, तर सरासरी दिसायला एकदम सोज्वळ येणार पण महिन्याचा पाऊस गुपचूप कमी झालेला असणार, उणे निदान बोंब तरी मारतं. तेव्हा नॅन (NaN, म्हणजे 'आकडा नाही', सरासरीत न धरली जाणारी रिकामी जागा) करा, आणि किती दिवस नॅन आहेत ते महिन्यासमोर लिहा, अर्धा महिना गायब असेल तर त्या महिन्याची बेरीज सांगूच नका.

खात्याचं ग्रिड तापमान घेतलंत तर तिथे ही खूण 99.9 असते, आणि फाईल 32-बिटची (म्हणजे आकडे कमी अचूकतेने साठवलेले), ती जास्त अचूक 64-बिटमध्ये नेली की त्याचं 99.9000015 होतं, मग 'बरोबर 99.9' शोधत बसलात तर एकही सापडत नाही. सरळ 90 च्या वरचं सगळं उडवा, तेवढं तापमान कुठे असतंय.

आकड्यांच्या कॉलममध्ये घुसलेल्या मजकुराचा घोळ वेगळाच. पांडाज या पायथॉनच्या लायब्ररीत मजकुराचे आकडे करणाऱ्या टू-न्यूमेरिकला (to_numeric) कोअर्स (errors='coerce') दिलं की जे वाचता येत नाही ते सगळं मुकाट नॅन होतं, म्हणून आधी नॅन होणाऱ्या मूळ किमतींची यादी काढून डोळ्यांनी बघा. 'टी' म्हणजे ट्रेस, नाममात्र पाऊस, तो बेरजेत शून्य धरला तरी चालतो, पण नॅन नाही. आणि '1,204.5' मधला स्वल्पविराम आधी काढा, कारण तो हजाराच्या वरच येतो, म्हणजे नेमके सगळ्यात जास्त पावसाचे महिने गळतात.

आता ते 'तीन सिग्मा लावून आउटलायर काढतो' म्हणालात, म्हणजे सरासरीपासून तीन प्रमाण विचलनांहून लांबचे आकडे चुकीचे धरून उडवायचे, त्यावर माझा ठाम विरोध. 26 जुलै 2005 ला सांताक्रूझला 944 मिमी पडला, त्याच 24 तासांत कुलाब्याला जेमतेम 73-74. सिग्मा लावा नाहीतर शेजारचं स्टेशन बघा, दोन्हीकडे हा आकडा चुकीचाच ठरतो, आणि तो खरा आहे! (नोंद सकाळी साडेआठला, मागच्या 24 तासांची असते, त्यामुळे फाईलमध्ये 27 तारखेसमोर सापडेल, तारीख चुकली म्हणून सरकवू नका.) उणे पाऊस अशक्य, तो काढा. नुसता मोठा असेल तर वेगळ्या कॉलममध्ये 'तपासायचं' अशी खूण करा, मूळ कॉलमला हात लावू नका.

सगळ्यात लहान आणि सगळ्यात मोठे वीसेक आकडे इथे टाका, बघून सांगतो.