कलावंतांच्या मदतीसाठी आम्ही विद्यार्थ्यांनी ऑनलाइन मैफल करावी का? पैसे जमतात का?

तुम्ही लिहिलंय, जळगावात संगीत शिकता, सात-आठ जण मिळून खान्देशातल्या लोककलावंतांसाठी ऑनलाइन मैफल करायची आहे. शंका दोन : आपापल्या घरून एकत्र वाजवता येईल का, आणि पैसे जमतील का. पहिल्याचं उत्तर नाही. दुसऱ्याचं हो, पण तुम्ही धरून चाललाय त्या शास्त्रीय संगीताच्या रसिकांकडून नाही.

मी धुळ्याचा, तबला वाजवतो. २०२१ च्या मे महिन्यात आम्ही नऊ मुलामुलींनी हेच केलं होतं. २०२० ची आखाजी (अक्षय्य तृतीया) २६ एप्रिलला आली, ऐन टाळेबंदीत. आखाजी म्हणजे आपल्याकडे लग्नांचा मुहूर्त. बँडवाल्याचं वर्ष लग्नसराईवर चालतं, तमाशाचा फड दसऱ्याला बाहेर पडतो आणि चैत्र-वैशाखातल्या जत्रांवर हिशेब जुळवतो. नेमके तेच महिने दोन वर्षं लागोपाठ बुडाले. कलाकारांनी फडमालकाकडून उचल घेऊन ठेवलेली, आणि सुपारी एकही नाही. आमच्या गल्लीतला क्लॅरिनेटवाला तेव्हा हातगाडीवर कांदे विकत होता.

आधी तांत्रिक भाग उरकतो. दहा मीटरवर बसलेल्या साथीदाराचा ठोका आपल्यापर्यंत साधारण ३० मिलिसेकंदांनी पोचतो, तेवढं कान चालवून घेतो. व्हिडिओ कॉलवर हाच उशीर १५०-२०० मिलिसेकंद सहज होतो. मिनिटाला १२० मात्रांची लय धरली तर एक मात्रा ५०० मिलिसेकंदांची, म्हणजे समोरचा तुम्हाला पाव मात्रेहूनही जास्त मागे ऐकू येणार. मग तो तुमच्यासाठी थांबतो, तुम्ही त्याच्यासाठी. आमचा झपताल ठुमकत सुरू झाला आणि पाच मिनिटांत विलंबित, म्हणजे अगदी संथ झाला.

म्हणून एक तानपुरा आणि लेहरा (ताल धरून ठेवणारी, पुन्हापुन्हा वाजणारी धून) आधी रेकॉर्ड करा. तो प्रत्येकाने इअरफोनवर ऐकत आपापला भाग मोबाइलवर टिपायचा, सुरुवातीला एक टाळी वाजवायची. जोडणाऱ्याला त्या टाळीवर सगळ्यांचं जुळवता येतं. निवेदन तेवढं थेट ठेवा. झूमवर कुणी थेट गाणारच असेल तर 'ओरिजिनल साउंड' चालू करायला सांगा, नाहीतर तानपुऱ्याचा अखंड सूर त्याला पंख्याची घरघर वाटते आणि तो कापून टाकतो. खऱ्या पंख्याचं आणि कूलरचं काय करायचं ते मात्र तुमचं तुम्ही बघा. आम्ही मे महिन्यात दोन्ही बंद करून रात्री एक वाजता रेकॉर्डिंग केलंय, डग्ग्यावर घाम टपकत होता.

यूट्यूबवर पहिल्यांदा थेट प्रक्षेपण सुरू करायला २४ तासांपर्यंत वेळ लागू शकतो, आणि मोबाइलवरून करायचं तर निदान ५० सबस्क्रायबर लागतात. आम्हाला हे आदल्या संध्याकाळी कळलं. सगळ्यांच्या मावश्या-आत्या कामी आल्या. सिनेमाची गाणी टाळा, कॉपीराइटचे दावे लागतात.

आता खरी गोष्ट. आमचा बेत असा होता की आम्ही ख्याल आणि नाट्यपदं गाणार, पैसे गोळा करणार आणि नेऊन वाटणार. त्याआधी दोघं जण एका वही गाणाऱ्या बाबांकडे जाऊन आलो. (वहीगायन तुम्हाला माहीत असेलच. डफावर देवीची, पुराणांतली आख्यानं, हाताने लिहिलेल्या वह्यांतून.) बाबांनी चहा पाजला, सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाले, "फुकटना पैसा माले नको. पहिले मन्हं गाणं आयक, मंग दे."

परतताना मोटारसायकलवर आम्ही दोघं गप्प होतो. मदत घेणाऱ्याला कार्यक्रमात जागाच ठेवायची नाही, हे आमच्या नऊ डोक्यांपैकी एकालाही खटकलं नव्हतं.

मग बेत उलटा केला. दीड तासापैकी आमचा भाग जेमतेम अर्धा तास. बाकी वेळ बाबांची मंडळी, कांदेवाला क्लॅरिनेट, अहिराणीत कानबाई देवीची गाणी म्हणणाऱ्या दोन बाया आणि तमाशाच्या फडातल्या एक ताई. प्रत्येकाची बिदागी रेकॉर्डिंगच्या आधी हातात ठेवली, त्यासाठी आम्ही आपसांत वर्गणी काढली. आणि पैसे आले ते कुठून? शास्त्रीय संगीताच्या रसिकांनी छान-छान लिहिलं. पैसे पाठवले सुरत, नाशिक, पुण्यात पोटापाण्यासाठी गेलेल्या खान्देशी माणसांनी, गावागावांच्या व्हॉट्सअ‍ॅप गटांतून. शंभर, दोनशे, पाचशे. सगळे मिळून ३४,००० च्या वर गेले. फार नाहीत, पण आमचा ख्याल ऐकून यातले तीन हजारही आले नसते.

आमची चूक तेवढी करू नका : पैसे एका मित्राच्या खात्यावर घेतले. त्यानं पै-पैचा हिशेब दिला, तरी कुजबुज झालीच, आणि पोराला उगाच मनस्ताप. ओळखीची नोंदणीकृत संस्था गाठा, तिला ८०जी (देणगीवर करसवलत मिळवून देणारी आयकर खात्याची मान्यता) असेल तर देणाऱ्याला करसवलतीची पावतीही मिळते. परदेशातल्या नातेवाइकांकडे भारतीय पासपोर्ट असेल तर अडचण नाही. नागरिकत्व बदललं असेल तर तो पैसा परदेशी देणगीत मोडतो, संस्थेकडे परवानगी नसेल तर घेऊ नका.

व्हिडिओ नंतरही ठेवायचा का, हे प्रत्येक कलाकाराला वेगळं विचारा. फडातल्या त्या ताईंनी नाचायला होकार दिला, पण नंतर व्हिडिओ काढून टाका म्हणाल्या. खालच्या प्रतिक्रिया वाचल्यावर कारण विचारायची गरज पडली नाही. प्रतिक्रियांची सोय आम्ही आधीच बंद करून टाकायला हवी होती.

आणि कार्यक्रमाची पत्रिका, फोटो, प्रत्येकाच्या नावाचं प्रमाणपत्र छापून द्या. पन्नाशी ओलांडलेल्या कलावंतांना सरकारी मानधनासाठी अर्ज करता येतो, आणि त्यात कलेच्या कामाचे पुरावे लागतात. आम्ही बाबांचा अर्ज भरायला बसलो तेव्हा त्यांच्याकडे सात वह्या होत्या, पण अर्जाला जोडता येईल असा कागद आमच्या पत्रिकेशिवाय एकही नव्हता.